पाचवी कुठून मोजायची

आम्ही दोघं नवराबायको पडवीत बसून भिजवलेले वाल सोलत होतो. ती सोलत होती आणि बोलत होती, मी नुसता सोलत होतो. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत काय बोलायचं याची तिची तालीम चालली होती. सरपंचाच्या जागी मला बसवलं होतं.

"बोला ना काहीतरी. सरपंच काय मुका आहे?"

"सरपंच म्हणतो, बाई, हा विषय सरकारचा. खाली बसा."

"मग मी म्हणते, सरकार काय आभाळात राहतं?"

"हसतील गो."

"हसू दे. तुमी सालपटं पातेल्यात टाकताय नि वाल खाली. तिकडं बघा आधी."

जेवणं झाली. जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. असेल. दिवस मावळायच्या आत तिला भातसा नदीच्या काठी अग्नी देऊन आलो.

ग्रामसभेचं हे प्रकरण आमच्या नातीपासून सुरू झालं. सून मुरबाडकडच्या एका कंपनीत पॅकिंगला, मुलगा तिथंच मशिनवर. पोर महिने भरायच्या आधीच झाली. एवढीशी, की मला तर हात लावायचीच भीती वाटायची. ठाण्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. सून तिथंच जिन्याखाली राहिली. दूध काढून आत द्यायची नि बाहेर बसायची. मुलाला रजा नाहीच. पाळी सुटली की जायचा, काचेतून बघायचा, परत यायचा. बाप झालेला माणूस, पण कितीतरी महिने त्याने पोर उचलून घेतली नव्हती.

सुनेला पगारी रजा होती. पण ती धरली जन्माच्या दिवसापासून. बहुतेक रजा जिन्याखालीच गेली. पोर घरी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हिला अजून छातीशी लावून ठेवा, आईच्या अंगाची ऊब हेच औषध. आणि कंपनीचा निरोप, रजा संपत आली, कामावर या. नाहीतर दुसरी बाई घेऊ.

आमच्यात बाळ झालं की पाचव्या दिवशी पाटा मांडून सटवाई पुजतात. ती येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणतात. पोर दवाखान्यात असताना आळीतल्या बायका माझ्या बायकोला म्हणाल्या, पाचवी चुकली, आता काय? ही म्हणाली, "पोर घरात नाय, पाटा कोणापुढं मांडू? घरी येईल त्या दिवसापासून पाचवी." आणि तशीच केली. नातीला घरी आणल्यावर पाचव्या दिवशी पाटा धुतला, हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य ठेवला. कोण काही बोललं नाही. सगळ्या जेवून गेल्या.

त्या पूजेतच तिच्या डोक्यात आलं. म्हणाली, "देवी थांबली हो. कंपनीला थांबायला काय धाड भरली?"

मग ती गप्प बसली नाही. सापगावपर्यंत चालत जायची. ज्यांच्या घरी अशी अपुऱ्या दिवसांची पोरं झाली त्या सासवांना, आयांना गोळा करायची. कधी तर सरळ कातकरवाडीत जाऊन बसायची. छत्री मी धरायचो. अंगणवाडीताईने सांगितलं, गावाने ठराव करून वर पाठवा, आणि त्याची नक्कल घेऊन कंपनीत जा. मागणी साधी. पोर दवाखान्यातून घरी येईल तिथून आईची रजा धरा, आणि बापालाही पगारी रजा द्या. ठराव झाला की सोमवारी सगळ्या बायका कंपनीच्या गेटवर जाणार होत्या. सुनेची रजा त्याच आठवड्यात संपत होती.

आणि सभेच्या आदल्या दिवशी ही गेली.

सकाळी मी डोक्याला पंचा गुंडाळला, तर धाकटा भाऊ आडवा आला. "दादा, सुतक आहे. कुठं निघालास?"

"पंचायतीत."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे," म्हटलं नि निघालो.

पंचायतीच्या पायरीवर बसलो, आत गेलो नाही. सरपंच बाहेर आला. पोरगा चांगला आहे, त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "काका, तुमी कशाला आलात? आमी ठरवलंय, काकींना श्रद्धांजली वाहू नि सभा तहकूब करू."

"पुढची कधी?"

"बघू ना. दोन-तीन महिन्यांत."

"तवर सुनेची रजा सरेल. रे, तिच्यासाठी दोन मिनिटं उभं राहू नको. तिचा विषय घे."

"अहो, पण बरं दिसत नाय ते."

"तुला बरं दिसावं म्हणून गेली का ती?"

आतून ग्रामसेवकाने मान वर केली. म्हणाला, ठरावाला सूचक लागतो, सूचक म्हणून बाईंचं नाव होतं, आता त्या नाहीत. सही कोण करणार?

मी उठलो. चप्पल पायरीवर काढली. उंबरठ्यावर कोणीतरी "काका, सुतक..." म्हणालं, पण हात लावून अडवलं नाही, सुतकातल्या माणसाला शिवणार कसं. सतरंजीवरच्या बायकांनी सरकून वाट केली. मला अक्षर फार येत नाही. ठरावावर सूचकाच्या जागी माझं नाव मी सावकाश लिहिलं, आणि सरपंचाला म्हटलं, आता वाच मोठ्याने, आणि कोणाकोणाचा हात वर आहे ते बघ.