नायकीणबाईचा नाच

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात, आमच्या कॉलनीत बायकांचा व्यायामवर्ग सुरू केला. सगळी नोकरी आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून गेलेली, घरी बसून करमेना. सकाळी सहाला समाजमंदिरासमोर सतरंज्या टाकायच्या, तासभर हातपाय हलवायचे, आणि रविवारी मी सगळ्यांचं बीपी बघायची. आधी पाचच जणी होत्या. वर्षभरात तीस झाल्या, मग त्याचं मंडळ झालं. एका निवृत्त साहेबांच्या बायको अध्यक्ष झाल्या, मला उपाध्यक्ष केलं. मला ते आवडलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

नायकीणबाई एमआयडीसीच्या पलीकडच्या तांड्यावरून कॉलनीत दूध घालायला यायची. सासरा तांड्याचा नायक होता म्हणून सगळे तिला तसं म्हणायचे. एक दिवस कॅन भिंतीशी ठेवून ती आमच्यामागे उभी राहिली आणि आमचं बघून हात वर करू लागली. साठीला आलेली, पण कंबर अशी वाकायची की आमच्या चाळिशीतल्या बायका लाजायच्या. अध्यक्षबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही रोज येणार का?" मी म्हटलं, "येईल की."

पहिल्याच रविवारी तिचं बीपी खूप निघालं. मी स्वतः तिला यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू करून आणल्या. जरा बरं वाटलं की ती गोळ्या सोडायची. मी रागावले की हसायची.

"बरं वाटून राह्यलं मले, तं गोळी कायले खाऊ?"

"मी सांगते म्हणून खा."

"बरं सिस्टर, तुमी म्हणता तं खातो."

आणि खायची. सुनेचं ऐकायची नाही, डॉक्टरांचं ऐकायची नाही, माझं ऐकायची.

त्या वर्षी मंडळानं महिला आरोग्य मेळावा ठरवला. सकाळी तपासणी, मग सांस्कृतिक कार्यक्रम, मग पाहुण्यांचं भाषण. बंजारा नाच बसवायची कल्पना माझी. भाड्यानं आणलेल्या घागऱ्यांत आमच्या आठ जणी, आणि सगळ्यांच्या पुढे नायकीणबाई, तिच्या स्वतःच्या फेटियात. आरशांनी, कवड्यांनी भरलेला तो घागरा एका हातानं उचलवत नव्हता. महिनाभर तिनं आम्हाला टाळीचा ठेका शिकवला. चुकलं की कपाळाला हात लावायची. त्या महिन्यात अध्यक्षबाईसुद्धा तिला "अहो" म्हणायला लागल्या होत्या.

मेळाव्याच्या सकाळी समाजमंदिराच्या खोलीत मी बीपी घेत होते. नायकीणबाई नटूनथटून आली. तिच्या दंडावरच्या बांगड्या सारून मी पट्टा बांधला. आकडा बघून पुन्हा एकदा घेतलं. तोच.

"किती निघालं, सिस्टर?"

"गोळी घेतली का?"

"सरल्या, चार दिस झाले. मेळावा झाला का आणतो."

तेवढ्यात अध्यक्षबाई दारातून डोकावल्या. "झालं का? पाहुणे निघालेत. आणि हिच्याशिवाय नाच कसा होणार?"

मी इतक्या वर्षांची नर्स. असं बीपी घेऊन कुणी उपकेंद्रात आलं असतं तर मी तिला खुर्चीतून उठू दिलं नसतं. पण बाहेर आठ जणी उभ्या होत्या, नाच माझा होता, आणि पाहुण्यांसमोर सूत्रसंचालन मी करणार होते. पर्समधली माझीच बीपीची एक गोळी मी तिला दिली. म्हटलं, "थोडं जास्त आहे. जपून नाच." तिच्या कार्डावरचा बीपीचा रकाना मी रिकामा ठेवला.

अकराचे पाहुणे दीड वाजता आले. मार्चचं ऊन, मंडपाचं कापड तापलेलं. पाहुण्यांच्या आधी कुणी जेवायचं नाही असं ठरलेलं. मी माईक तपासत फिरत होते. एकदा नायकीणबाईकडे बघितलं तर तिनं लांबून हात हलवला. मला तेवढं पुरलं.

नाच फार चांगला झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाहुण्यांनी "पुन्हा" म्हटलं आणि माईकवरून मीच जाहीर केलं, "पाहुण्यांच्या खास आग्रहास्तव पुन्हा एकदा." दुसऱ्या वेळी ती मध्येच थांबली, स्टेजच्या कडेला खाली बसली. मी धावले. तिचं तोंड एका बाजूला ओढलं होतं.

"सिस्टर," ती अडखळत म्हणाली, "हात कुठं गेला माहा?"

तिचा उजवा हात मीच धरून ठेवला होता.

अध्यक्षबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "समोरून नको नेऊ. मागच्या दारानं ने." आणि मी मागच्या दारानं नेलं. ऑटोत मी, ती आणि तिची सून. सून तिच्या फेटियाचे बंद सोडत होती आणि रडत होती. बायका स्वतःच्या तब्येतीकडे कसं दुर्लक्ष करतात, हे पाहुणे माईकवर सांगत होते. वळणापर्यंत ते ऐकू येत होतं.

उजवं अंग गेलं. वाचा अर्धी राहिली. मंडळ एकदा फळं घेऊन दवाखान्यात गेलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. पुढच्या बैठकीत एक जण म्हणाली, "या लोकांचं गोळ्यांकडे लक्षच नसतं." दुसरीनं मला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी तपासलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो. ठीक होतं."

मग मी तांड्यावर जायला लागले. आठवड्यातून तीनदा तिच्या हाताचा व्यायाम घ्यायची, बोटं एकेक करून उघडायची. सून चहा करायची. म्हणायची, "सिस्टर, तुमच्यासारखं कोन करते?" तो चहा मी सहा महिने प्यायले.

एका दुपारी नायकीणबाईनं एकेक शब्द जुळवत विचारलं, "त्या दिशी... बीपी... लय होतं का?"

सून दारात तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

मी म्हटलं, "हो. लय होतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग मी सोसला असता.

"सांगतलं असतं तं... बसलो असतो," ती म्हणाली. "तुमचं... ऐकत होतो ना मी."

मग तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून माझ्या हातातून काढून घेतला आणि सुनेला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला ते कळलं नाही. सून उठली, माझी पिशवी आणि चपला उचलून अंगणात ठेवल्या आणि आत निघून गेली.

मी मंडळाचा राजीनामा दिला. त्यात घडलं ते सगळं लिहिलं, माझ्या सहीनिशी. बैठकीत अध्यक्षबाईंनी तो उघडला, थोडा वाचला, घडी घातली आणि सांगितलं, "प्रकृतीच्या कारणानं त्या मोकळ्या होत आहेत." मला शाल आणि नारळ दिला. तिथेही मी उठून बोलले नाही. शाल खांद्यावर घेऊन बसून राहिले.