लवंगांची डबी

पोस्टवर चढण्याआधी प्रत्येक जवानाचे दात तपासतात. चौदा हजार फुटांवर दातांचा डॉक्टर नसतो. माझी डावी दाढ तेव्हा आठ दिवस ठणकत होती, पण वरून धड दिसायची. मेडिकल ऑफिसरनी विचारलं, "काही त्रास?" मी म्हटलं, "नाही साहेब." खरं सांगितलं असतं तर अनफिट ठरून बेसवर राहिलो असतो आणि सेक्शन माझ्याशिवाय वर गेलं असतं. त्या सेक्शनमध्ये नाईक मिलिंद होता. तो खर्ड्याचा, मी कर्जतचा, भरतीच्या दिवसापासून आम्ही बरोबर. त्याला सोडून खाली बसायची माझी तयारी नव्हती.

वर चौथ्या दिवशी गाल सुजला. मी अक्कल पाजळली आणि दुखण्याची गोळी कुटून हिरडीवर दाबली. हिरडी सोलून निघाली. मिलिंदने मला शिव्या घातल्या आणि रेडिओवर बेसच्या नर्सिंग असिस्टंटला गाठलं.

"गोळी हिरडीवर नको, जेवून पोटात घ्या. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा. दाढेवर लवंग. शेक नको, बाहेरून गार कपडा. सूज आहे, त्याला खाली पाठवा. ओव्हर."

"हवामान खराब आहे. उद्या पाठवतो. ओव्हर."

लवंगा मिलिंदच्या आईने काजळाच्या रिकाम्या डबीतून पाठवल्या होत्या. तो दर दोन तासांनी बर्फ वितळवायचा, पाणी कोमट करून मीठ घालायचा आणि म्हणायचा, "तोंड उघड." लहान पोराचं करावं तसं त्याने माझं केलं. मी चिडचिड केली तरी हसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लिंक पेट्रोल निघायचं होतं, शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन यायचं. पाळी माझी होती. सुभेदार साहेबांपुढे मिलिंदच जाऊन उभा राहिला. "त्याचं तोंड बघा, साहेब. मी जातो." जाताना डबी त्याने माझ्या हातात दिली.

सव्वाआठला वरचा बर्फ सुटला. रेडिओवर आलं, "एक जवान दबला आहे. ओव्हर." मिलिंद साडेअकराला सापडला, श्वास थांबलेला. दुपारी दोनला हवामान उघडलं आणि हेलिकॉप्टर आलं. मागच्या बाजूला आम्ही दोघंच होतो. मी दाढेसाठी खाली चाललो होतो.

त्याच्या आईला मी इतकंच सांगितलं होतं, की तो पेट्रोलवर गेला होता. पुढचं कधी जिभेवर आलंच नाही. मिलिंद गेला त्या तारखेला मी दरवर्षी खर्ड्याला जातो. ती जेवायला वाढते, मी मान खाली घालून जेवतो.

यंदा गेलो तर तिचाच गाल सुजलेला. तंबाखूची मिश्री दाबून दाबून तिने चार दिवस काढले होते. अंगात ताप होता. मी मीठ घालून पाणी कोमट केलं, दाढेखाली लवंग दिली, गार फडकं गालावर धरलं. मग म्हटलं, आता जामखेडला डॉक्टरकडे जाऊ.

"आज न्हाई. आज त्याचा दिस हाय. लवंगेनं उतार पडलाय, उद्या जाऊ."

लवंगेने ठणका दबतो, आतला पू जात नाही, आणि सूज आल्यावर उद्यावर ढकलायचं नसतं. हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. लपवलेली दाढ, माझी पाळी, हेलिकॉप्टर. सांगताना मी रडलो, पन्नाशीचा माणूस.

ती उठली. पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर जाऊन माझ्या मोटारसायकलपाशी उभी राहिली.

दाढ काढावी लागली. चारच्या सुमाराला परत आलो. मिलिंदच्या फोटोपुढे मी मेणबत्ती लावली. तिच्या तोंडात कापूस होता, म्हणून यंदा बुद्धवंदनेतलं त्रिशरण मी म्हटलं. इतकी वर्षं तिच्या मागे म्हणून पाठ झालं होतं. मग सॅल्यूट केला.

थोड्या वेळाने तिने कापूस काढला.

"तवा तुजी दाढ काढली का रं?"

"त्याच संध्याकाळी, आई."

"दुखायचं थांबलं?"

"थांबलं."

"मग झालं," ती फोटोकडे बघत म्हणाली. "त्याला तेवढंच पायजे हुतं."