शंभर टक्के सुती

माझ्या दिरांना सगळा बाजार ‘सुती शिंपी’ म्हणतो. पाठीमागे म्हणतो, पण त्यांना ठाऊक आहे. चकचकीत, घसरता कपडा घेऊन कुणी दुकानात आलं की हे चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, “पलीकडच्या गल्लीत जा, तिथे छान शिवतात.” आलेलं गिऱ्हाईक घालवायची ही हौस! मी कितीदा बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

पण मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार? भाऊजींनी पहिलं मशीन घेतलं तेव्हा पहिला शर्ट शिवला तो थोरल्या भावासाठी, म्हणजे आमच्या ह्यांच्यासाठी. तपकिरी, चकाकणारा, इस्त्री न लागणारा. “चला, माझं एक काम वाचलं,” असं मी हसत म्हणाले होते. तिसऱ्या महिन्यात ह्यांच्या कारखान्यात भडका उडाला. साध्या सुती शर्टातली माणसं भाजली, पण उठली. ह्यांच्या अंगावर तो शर्ट वितळून चिकटला होता. अकरा दिवस भाजलेल्यांच्या वॉर्डात होते. नर्स चिमट्यानं एकेक तुकडा सोडवायची आणि भाऊजी दाराबाहेर उभे राहून सगळं ऐकायचे. बाराव्या दिवशी ऐकायला काही उरलं नाही.

तेव्हापासून भाऊजी त्याच वॉर्डासाठी गाऊन शिवतात. सत्तावीस वर्षं झाली. मऊ सुती कापड, पुढून उघडणारं, बटण नाही, नुसत्या नाड्या. शिवणीसुद्धा बाहेरच्या अंगाला, आत टोचायला नकोत म्हणून. त्याच दुकानात भिंतीला लागून माझं इस्त्रीचं टेबल. ते शिवतात, मी इस्त्री मारते. दिवसभर आमचं भांडण चालू असतं, ते वेगळं.

कापड यायचं कोपऱ्यावरच्या कापडवाल्या काकांकडून. काकांनी ‘सुती’ म्हटलं की सुती, ‘यात भेसळ आहे हो’ म्हटलं की भेसळ. काका गेले, मुलानं दुकानाला कुलूप लावलं. लोक फोनवरच कापड घेतात म्हणाला. नेमकी तेव्हाच वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर आल्या. “साठ गाऊन, महिनाअखेर. उशीर नको हं. नवा भांडारवाला तयार माल मागवायचं म्हणतोय. तुम्ही वेळेत दिलेत तर मी त्याचं तोंड बंद करते.”

भाऊजींचा फोन बटणांचा. तेव्हा माझ्याच फोनवर दुकानाच्या नावानं खातं उघडलं. कापड शोधायला दोघं बसलो. एक पान सापडलं. वर कापसाचं बोंड, खाली झोपलेलं गोंडस बाळ, आणि मोठ्या अक्षरात ‘शंभर टक्के शुद्ध सुती. रुग्णालयांसाठी खास.’ भाऊजींनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, “एवढं स्पष्ट लिहिलंय म्हणजे खोटं कशाला असेल?” जन्मभर जे बोलले तेच दिलं, म्हणून त्यांना वाटलं सगळं जग तसंच.

तागा आठ दिवस उशिरा आला. भाऊजींनी चिमटीत चोळून बघितला. जाडसर, कोरा, खळ भरपूर. “बरा वाटतोय,” म्हणाले आणि आख्खा तागा पिंपात भिजत घातला. त्यांची रीतच ती. नवं कापड भिजवल्याशिवाय कात्री लावायची नाही; खळ निघून जाते, आटायचं तेवढं आधीच आटतं, गाऊन पुढे तोकडा होत नाही. वेळ असो नसो, हा नेम चुकला नाही.

संध्याकाळी पिंपातलं पाणी पांढरंफेक झालं होतं आणि कापड हातातून सुळकन निसटत होतं. दोरीवर टाकलं तर अर्ध्या तासात वाळलं. सुती तागा कधी अर्ध्या तासात वाळतो? मी एक टोक टेबलावर घेऊन इस्त्री टेकवली, तर मेलं चिकटलं! दोरा काढून काडी लावली. सुताची राख होते. ह्याचा टणक काळा मणी झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजींनी तो मणी उचलून तळहातावर घेतला. मी तिकडे बघितलं नाही.

मग सुरू झाला फोनचा खेळ. आधी यंत्र बोललं, एक दाबा, दोन दाबा. मग बाजा वाजला. मग एक मुलगी आली. फोन माझ्या हातात, आवाज मोठा केलेला, बोलत होते भाऊजी.

“कापड धुतलंय का सर?”

“भिजवलंय.”

“मग ते वापरलेलं धरतात. परत घेता येणार नाही.”

“अहो ताई, खळ निघाल्याशिवाय कळणार कसं आत काय आहे ते?”

“आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, सर.”

दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी. पहिलीनं काही लिहूनच ठेवलेलं नाही म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून सांगा. पुरावा म्हणून फोटो पाठवा. आम्ही त्या मण्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘फोटोत माल जळालेला दिसत आहे. जळालेला माल परत घेतला जात नाही.’ कप्पाळ माझं! हसावं की डोकं आपटून घ्यावं?

तिसरी फार गोड. सगळं ऐकून घेतलं, तक्रार वर पाठवते म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “सर, एक लिंक येईल. तेवढे पाच तारे द्याल का? कमी दिले की आमच्यावर येतं हो.”

मी फोन ठेवणारच होते. भाऊजींनी हात केला. “द्या वहिनी. त्या पोरीनं काय केलंय? तिच्या पोटावर कशाला पाय आणायचा?”

मी दिले. एकेक करून पाच. ताऱ्यांच्या वर त्या ताग्याचाच फोटो होता. तो मला दिसला होता. दिसला, पण डोक्यात काही शिरलं नाही.

त्याच्या खाली भाऊजींनी मला लिहायला सांगितलं, ‘हे कापड सुती नाही. रुग्णांसाठी घेऊ नका.’ तासाभरात उत्तर आलं, ‘आपला मजकूर आमच्या नियमांत बसत नसल्यामुळे काढून टाकला आहे.’ आणि दोन दिवसांनी, ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे.’ कुणाचं समाधान झालं ते देवाला ठाऊक.

महिनाअखेर जवळ आली. दुसरं कापड मागवायला दिवस उरले नव्हते. आणि मग मी बोलून गेले. मी, दुसरं कुणी नाही. “शिवून टाका आता. मी कडक खळ लावून देते, कुणाला कळतंय?”

भाऊजींनी मशीनवरची मान वर केली. “वहिनी, हे तुम्ही म्हणताय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इस्त्री बंद करून मी घरी निघून गेले.

गाऊन गेले नाहीत. सिस्टर दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा आल्या नाहीत. भांडारवाल्यानं तयार माल मागवला. पंधरा दिवसांनी वॉर्डाचा शिपाई आमच्याच दुकानात गठ्ठा टाकून गेला. पहिल्याच धुण्यात नाड्या उसवल्या होत्या, तेवढ्या बसवून द्या म्हणून. भाऊजींनी वरचा गाऊन उचलला, चिमटीत धरला आणि तसाच काखेत मारला. चपला घातल्या. मी इस्त्रीची वायर ओढली आणि त्यांच्या मागे निघाले.

भांडारवाला तसा वाईट माणूस नाही. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. भाऊजींनी त्या गाऊनचा एक दोरा काढून त्याच्यासमोर जाळला. काळा मणी. तो बघतच राहिला.

“पण शंभर टक्के सुती लिहिलंय हो,” म्हणत त्यानं संगणक आमच्याकडे वळवला. तेच बोंड, तेच बाळ. त्याच कापडाचे तयार गाऊन त्याच पानावर विकायला ठेवलेले. “आणि मी काही डोळे झाकून घेतले नाहीत. कुणी कुणी काय म्हटलंय ते आधी बघितलं. हे बघा ना.”

बोट ठेवलं तिथे आमच्या दुकानाचं नाव होतं. शेजारी पाच तारे. खाली मजकूर काहीच नाही.

“तुमचंच ना हे दुकान? म्हटलं, सुती शिंपी पाच तारे देतोय म्हणजे आणखी काय बघायचं? लगेच मागवले.”

मी म्हणाले, “मग परत करा ना ताबडतोब!”

“कसे करू वहिनी? धुतलेत ना वॉर्डानं. कोरा कपडा पेशंटच्या अंगावर घालत नाही आम्ही.”

परतताना मी वाटेत उभी राहून फोन काढला आणि ते तारे पुसायचा प्रयत्न केला. बदलायची मुदत संपली होती. भाऊजी चार पावलं पुढे जाऊन थांबले.

“बोट माझं होतं, भाऊजी,” मी म्हटलं.

“सांगितलं मी.” मग म्हणाले, “तो शर्ट शिवताना मला ठाऊक नव्हतं, वहिनी. ह्या वेळी ठाऊक होतं. आणि तरी माझ्याच नावावर गेलं.”

मी फोन पिशवीत टाकला आणि त्यांच्या बरोबरीनं चालू लागले.

दुकानात येऊन त्यांनी तो गठ्ठा उचलून बाजूला ठेवला आणि पडद्याचं सुती कापड उतरवलं. घरी जाऊन मी कपाट उपसलं. माझ्या चादरी, भाऊजींची जुनी धोतरं, ह्यांचा एक पंचा, जो मी इतकी वर्षं जपून ठेवला होता. सगळं आणून त्यांच्यापुढे टाकलं. त्यांनी पंच्यावर हात फिरवला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ह्या वेळी भिजवायची गरज नव्हती, सगळं धुऊन धुऊन मऊ झालेलं. दोन दिवस मशीन थांबलं नाही.

सात गाऊन झाले. वॉर्डात खाटा अठरा आहेत.