रंग उतरवलेली गिटार

सुरेंद्र मुळीक आमच्या कंपनीच्या पेंट शॉपमध्ये स्प्रे पेंटर होता. मी त्याच कंपनीत स्टोअरला कारकून. कंपनीतल्या सात-आठ जणांनी मिळून एक ऑर्केस्ट्रा काढला होता. त्यात तो गिटार वाजवायचा, मी अ‍ॅकॉर्डियन. गणपतीचे दिवस, लग्नं, कुठल्या कॉलनीचं संमेलन असे वर्षाकाठी पंधरा-वीस कार्यक्रम व्हायचे. तालीम संत तुकाराम नगरात, सुरेंद्रच्या दोन खोल्यांत. त्याची बायको शुभदा बालवाडीत शिकवायची. आमचा गोंगाट चालू असला तरी ती खुशाल तांदूळ निवडत बसायची.

गिटार त्यानं एकाहत्तर साली मुंबईहून आणली. साधीच होती, पण इलेक्ट्रिक. तिचा पांढरट रंग त्याला आवडला नाही. सुपरवायझरला विचारून त्यानं ती कंपनीत नेली आणि लाल रंगाचे पाच हात मारले. इतकी चकचकीत, की तिच्यात तोंड दिसायचं. स्टेजवर दिवा पडला की मागची माणसं माना उंचावून बघायची, आणि सुरेंद्र मग मुद्दाम जरा तिरका उभा राहायचा.

पाळी संपली की पेंट शॉपमधली माणसं थिनरनं हात धुवायची. साबणानं तो रंग निघायचाच नाही. डब्यात मनगटापर्यंत हात बुडवायचे, चिंधीला पुसायचे आणि सायकल काढायची. सुरेंद्रनं हे अकरा वर्षं केलं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचे सूर हुकायला लागले. आम्ही चेष्टा केली. मग कासारवाडीच्या एका लग्नात, गाणं अगदी रंगात आलेलं असताना, तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी त्याच्या बोटांतून गळून पडली. त्याला कळलंच नाही. तो चिमूट तशीच धरून हात हलवत राहिला. पट्टी पायाशी पडलेली मी पाहिली.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "काय रे, झोप झाली नाही का?"

"मधू, मला बोटांना काही लागत नाही," तो म्हणाला. "सकाळी शर्टाची बटणं शुभदा लावते. परवा चहाचा पेला धरला होता. बोट पोळून फोड आला, तेव्हा समजलं."

मी त्याला पुण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी डोळे मिटायला लावून बोटांना सुई टोचली, आणि दर वेळी "आता?" असं विचारत गेले. दोन-तीनदाच तो "हो" म्हणाला, तेही सुई टोचलेली नसताना. थिनरनं बोटांच्या शिरा मेल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत येतील का, तर सांगता येत नाही. कंपनीनं मात्र लेखी दिलं की आजाराचा कामाशी संबंध सिद्ध होत नाही. सहा आठवडे रजा मिळाली, आणि त्यानंतर गेटवर पास लिहायचं काम.

रजेच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो, तर तो गॅलरीत गोणपाटावर बसून काचेच्या तुकड्यानं गिटारचा रंग खरवडत होता. तारा, बटणं, आतल्या वायरी सगळं सोडवून ताटात नीट मांडून ठेवलेलं.

"अरे, वेडा झालास का? उतरवायचाच असेल तर मी रिमूव्हर आणतो. अर्ध्या तासात सालपट निघेल."

"नको. त्या डब्यांतलं काहीही या घरात यायचं नाही." काचेला चिकटलेला रंग झटकून तो म्हणाला, "रंग गुळगुळीत असतो रे. तो काय लागणार हाताला? लाकडाला रेघा असतात. कदाचित लाकूड लागेल."

तीन आठवडे तो खरवडत होता. लाल गेला, मूळचा पांढरा गेला, खालचा प्रायमर गेला. आतून फिकट तपकिरी लाकूड निघालं. दोन फळ्या जोडलेल्या, एका गाठीच्या भोकात सुतार भरतात ती लांबी भरलेली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो पॉलिश पेपरनं घासत राहिला. कुठं खरखरीत राहिलंय हे त्याला समजत नसे, म्हणून शुभदा बालवाडीतून आली की तो विचारायचा, "बघ गं, झालं का?"

ती पदराला हात पुसून लाकडावरून बोटं फिरवायची. "इथं झालंय. इथं अजून बोचतं."

"कसं बोचतं?"

तिनं पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "दाढी वाढली की तुमचा गाल लागतो ना, तसं."

त्यावर तो हसला. त्या दिवसांतलं एवढंच हसू मला आठवतं.

एक दिवस तिनं येऊन पाहिलं तर पेपर ओला, लाल. लाकडाबरोबर तो स्वतःची बोटंही घासत होता. तिनं गिटार त्याच्या मांडीवरून उचलली. "अहो, पुरे आता. लाकूड झालं, आता हाडं घासायची आहेत का?"

बोटांना पट्ट्या बांधून त्यानं जवसाचं तेल चोळलं, वाळू दिलं, पुन्हा चोळलं. घासताना अंदाज न आल्यामुळे कडा झिजून गोल झाल्या होत्या, आणि जिथं हात टेकतो ती जागा पांढुरकी पडली होती. कुणीतरी तीस वर्षं वाजवलेली असावी तशी ती दिसायला लागली. मला तरी तशी सुंदर गिटार दुसरी दिसली नाही.

सगळं परत जोडल्यावर त्यानं डोळे मिटले आणि लाकडावर तळहात ठेवला. आम्ही दोघं बघत होतो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "नाही."

तरी त्यानं सोडलं नाही. आता तो डोळ्यांनी वाजवायला शिकला. मान खाली घालून प्रत्येक तार बघायची, मगच बोट ठेवायचं. चार महिन्यांत एक संथ गाणं बसवलं. अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीत रहाटणीला आमचा कार्यक्रम होता. ऑर्केस्ट्रा चालवणारा मुरारी गिटार बघून म्हणाला, "जुन्या बाजारातनं आणली का राव? लोकांना चमक लागते." पण मी आणि बाकीचे हट्ट धरून बसल्यावर त्यानं एका गाण्याला होकार दिला.

पहिलं कडवं नीट गेलं. मग मंडळाच्या पोरांनी हौसेनं रंगीत दिव्यांची उघडझाप सुरू केली. क्षणात उजेड, क्षणात अंधार. सुरेंद्रला तारा दिसेनात. त्याचं बोट एका जागी थांबलं, आणि मग गिटारच थांबली. मी अ‍ॅकॉर्डियननं जागा भरून काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिटार थांबल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते मी त्याला सांत्वन म्हणून सांगितलं, आणि सांगितल्यावर जीभ चावली.

पुढं ऑर्केस्ट्रात त्याच्या जागी श्याम नावाचा नवीन कामगार आला. हात चांगला होता त्याचा, पण स्वतःची गिटार नव्हती. सुरेंद्र स्वतःच आपली गिटार त्याला द्यायला त्याच्या खोलीवर गेला. "उन्हात ठेवू नकोस. वर्षातून एकदा तेल लाव," एवढं सांगून आला. शुभदा चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

ऐंशी साली चिंचवडला कार्यक्रम होता, तेव्हा सुरेंद्र खुर्च्यांत बसलेला मला स्टेजवरून दिसला. श्याम त्या दिवशी फार छान वाजवत होता. तिसऱ्या गाण्यानंतर पाहिलं तर खुर्ची रिकामी. दुसऱ्या दिवशी गेटवर मी विचारलं, "का रे, मध्येच उठलास?"

"सकाळची पाळी होती ना," तो म्हणाला, आणि माझ्यामागं उभ्या असलेल्या ट्रक ड्रायव्हरचा पास लिहायला घेतला. पेन मुठीत धरून, एकेक अक्षर बघत.