शुक्रवारचं ‘नाही’

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझ्याकडे तमिळ मुलखातल्या आमच्याच मराठी गल्लीतल्या गव्हाणी घुबडांची पाहणी आली. राजवाड्यामागच्या बुरुजाच्या भोकात एक जोडी असावी, असा माझा अंदाज होता. लोकांशी बोलणं मला जड जायचं, तरी दिवेलागणीनंतर मी रोज शेजाऱ्यांना विचारायचे, घुबडाचा आवाज ऐकलात का?

उत्तरं कधी हो, कधी नाही. शुक्रवारी मात्र सगळीकडे नाही. एका शुक्रवारी मी स्वतः चीत्कार ऐकला आणि आत्याकडे पाहिलं.

“मला नाही ऐकू आलं गे,” म्हणत तिने खिडकी लावली. “शुक्रवारी दिवा लावल्यावर त्या अशुभाचं नाव कशाला?”

त्याच संध्याकाळी बुरुजाच्या डागडुजीवरचा ओव्हरसियर गल्लीत विचारून गेला होता. आत काही नसेल तर उद्या ते भोक विटांनी बुजवायचं होतं. सगळ्यांनी ‘नाही’ सांगितलं. आत पिल्लं असती तर जिवंत गाडली गेली असती. सकाळी मी बुरुजापाशी जाऊन त्याला तमिळमध्ये थांबायला सांगितलं.

“कॉलेजात शिकवतात का, ‘नाही’ म्हणजे ‘हो’?”

“‘नाही’ म्हणजे अजून माहीत नाही. घुबड असूनही एका संध्याकाळी हुकण्याची शक्यता निम्मी धरा. सलग दोन संध्याकाळी हुकण्याची पाव. जितक्या संध्याकाळी बघाल तितकी ती घटते. पण सगळ्या संध्याकाळी सारख्या नसतात. शुक्रवारी इथे कुणी हो म्हणतच नाही, म्हणून कालचं ‘नाही’ धरू नका. चीत्कार मी स्वतः ऐकला.”

“मग काय करू?”

“चार संध्याकाळी स्वतः उभे राहा. कुणाला विचारू नका.”

तो हसला, पण थांबला. पहिल्या संध्याकाळी काहीच दिसलं नाही.

“अम्मा, तुमचं घुबडही कॉलेजला गेलं वाटतं.”

“एकच संध्याकाळ झाली,” मी म्हटलं. मला शंका नव्हती.

दुसरीही रिकामी गेली. तिसऱ्या संध्याकाळी भोकातून पांढरं तोंड बाहेर आलं, घुबड पंख न वाजवता शेताकडे गेलं, आणि थोड्या वेळाने उंदीर घेऊन परतलं. आत भुकेल्या पिल्लांचा फुसफुसाट सुरू झाला. ओव्हरसियर गवंड्याला म्हणाला, “विटा पलीकडे ने. आधी खालची भिंत घेऊ.”