अनिकाच्या आईला शेवटचा निरोप

कप आधी खाली ठेवा, मग ऐका. कारण मी ब्रिस्टलमध्ये जो पराक्रम केलाय ना, तो ऐकताना घोट घशात अडकला तर मी जबाबदार नाही!

आमच्या शेजारी अनिका राहते. मूळची स्वीडनची. बाई लाखात एक, पण धर्माच्या बाबतीत ती मला कधी कळलीच नाही. एकदा कुंपणापाशी गप्पा मारताना मी सहज विचारलं, "अनिका, तू देव मानतेस?"

"छे गं!"

"म्हणजे चर्चशी काही संबंध नाही?"

"असं कसं? मी मेंबर आहे ना! सोडलं तर आजोबांना काय वाटेल?"

"आजोबा आहेत अजून?"

"नाहीत. म्हणून तर!"

"ते तरी मानायचे का देव?"

"अजिबात नाही."

आता बोला! मी शेवटचा प्रयत्न केला. "मग चर्चमध्ये जाता तरी कधी?"

"बारसं, लग्न आणि मयत," अनिका म्हणाली. विषय संपला.

त्या हिवाळ्यात तिच्या आईचं स्वीडनला खुब्याचं ऑपरेशन झालं. अनिका महिनाभर तिकडेच होती. आईला मी कधी भेटले नव्हते, पण अनिकाच्या फ्रिजवरच्या फोटोत नेहमी बघायचे. चांदीसारखे केस, धारदार नाक आणि निळेशार डोळे. तुम्ही कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच बघणारे!

डिसेंबरात एका सकाळी मी कचऱ्याचं बिन बाहेर ठेवत होते, तर अनिका गाडीतून सामान काढताना दिसली. नाक लाल, डोळ्यांत पाणी. आता बाहेर थंडी कसली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं की नको?

"आई कशी आहे गं?"

"त्रास संपला एकदाचा तिचा," अनिका म्हणाली.

मी बिन तसंच सोडलं. "म्हणजे... कुठे..."

तिनं बोट वर केलं. "वर. शांत झोपलीय."

मी आभाळाकडे बघितलं. हात आपोआप जोडले गेले.

"शुक्रवारी चार वाजता चर्चमध्ये ये हं," ती म्हणाली आणि बॅगा घेऊन आत गेली.

बारसं नाही, लग्न नाही. राहिलं काय? तुम्हीच सांगा!

शुक्रवारी मी पांढरी साडी नेसले. आमचे हे म्हणाले, "अगं, इथे काळं घालतात." मी म्हटलं, "मी माझ्या रीतीनं निरोप देणार." झालं!

ब्रिस्टलमध्ये डिसेंबरात चार वाजता दिवस संपलेला असतो. त्यात धुकं. चर्चच्या फाटकातून दारापर्यंत जायची वाट थेट थडग्यांमधून. काही थडगी कलती झालेली, जणू कोण जातंय ते कान देऊन ऐकताहेत. आत एकही दिवा नाही. बरं, माणसं नसावीत, तर तसंही नाही. अख्खं चर्च भरलेलं होतं! त्या गच्च काळोखात शेकडो माणसं श्वास घेत होती, आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

दाराच्या आत मी चाचपडत उभी, तेवढ्यात एक गार हात माझ्या दंडावर पडला. एका बाईनं माझी पांढरी साडी पाहिली, "उशीर केलास!" असं कुजबुजली, माझ्या हातात पेटलेली मेणबत्ती दिली आणि मला ढकललं. कुठे? पडद्यामागे उभ्या पायघोळ पांढऱ्या झग्यातल्या बायकांच्या रांगेत! सगळ्या मुक्या, सगळ्यांच्या हातात ज्योत. आपल्याकडे बायकांना स्मशानात नेत नाहीत आणि इथे बायकांचीच रांग, असं मनात आलं.

मग गाणं सुरू झालं. संथ, कुठून तरी जमिनीखालून आल्यासारखं. रांग हलली. सर्वांत पुढे एक पोरगी चालत होती. कमरेला रक्तासारखा लालभडक पट्टा, आणि डोकं... अहो, डोकं जळत होतं तिचं! केसांवर ज्वाळा, आणि चेहऱ्यावर मंद हसू. तिच्या मागे उंच टोकदार पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं. पाऊल कोणाचंच वाजत नव्हतं.

मागे वळून पळावंसं वाटलं. पण शेवटचा निरोप म्हणजे निरोप! त्या माउलीच्या आठवणीनं मी रडत रडत चालत राहिले. शवपेटी शोधत होते. ती कुठेच दिसेना.

पहिल्या बाकापाशी पोचले. मेणबत्तीचा उजेड बाजूला पडला.

चांदीचे केस. धारदार नाक. निळे डोळे, माझ्याकडेच बघणारे. ती बसली होती. आणि तिनं गारठलेला हात पुढे करून माझ्या मनगटाला धरलं!

"आई गंऽऽऽ! भूऽऽऽत!"

मेणबत्ती पडली, विझली. गाणं थांबलं. कोणीतरी दिवे लावले. अनिका धावत आली. "सुषमा! तू रांगेत काय करतेयस?"

"तुझी आई... तुझी आई वारली ना?"

"वारली? अगं, तिला मी इकडेच घेऊन आले, ती वरच्या बेडरूममध्ये झोपली होती!"

"मग हे मयत कोणाचं?"

"कसलं मयत? हा लुसियाचा सण आहे, उजेडाचा! ती पुढची पोरगी लुसिया झालीय, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून! आम्ही इकडची स्वीडिश मंडळी दर वर्षी हे चर्च भाड्यानं घेतो."

"पण तूच म्हणालीस ना, चर्चमध्ये फक्त बारसं, लग्न आणि मयत!"

"लुसियाला कुठे देवधर्म असतो?" अनिका चक्रावून म्हणाली. "लुसिया म्हणजे लुसिया!"

नंतर मागच्या हॉलमध्ये कॉफी आणि केशराचे पाव होते. मी तोंड लपवून कोपऱ्यात बसले होते, तर अनिकाची आई काठी टेकत आली आणि शेजारी बसली. तिचा हात अजूनही बर्फासारखा होता.

"तू खरंच रडत होतीस?" तिनं विचारलं.

"हो."

"माझ्यासाठी? आपण तर कधी भेटलोही नव्हतो."

मी मान हलवली. तिनं काठी बाजूला ठेवली.

"आमच्याकडे मयताला सगळे येतात," ती म्हणाली. "देव मानणारे, न मानणारे, सगळे. गातात छान. मग कॉफी. पण रडायचं ते घरी जाऊन. माझा नवरा गेला तेव्हा मीही तसंच केलं." मग तिनं माझा हात घट्ट धरला. "माझ्या वेळी तू ये. असंच पांढरं नेसून. मोठ्यानं रडणारं एक तरी माणूस हवं मला."

कोणी एवढ्या मायेनं बोलावलं तर नाही कसं म्हणायचं? मी डोळे पुसले, तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "येईन ना, नक्की येईन! कधी आहे?"