सतरा नंबरची पेटी

पेटीकाका जळायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे त्यांची बाजू घेताना मला अवघडायला नको. कुणाचं घर, कुणाची गाडी, कुणाच्या मुलांचे पगार, असल्या गोष्टींचं त्यांना काही नव्हतं. ते जळायचे वरच्या मजल्यावर खिडकीजवळच्या चार नंबरच्या टेबलावर बसणाऱ्या एका मुलीवर, आणि तेही तिच्या पीएच.डी.वर.

काका अभिलेखागारात, म्हणजे जुने कागद जपून ठेवणाऱ्या कचेरीत, तळघर सांभाळायचे. लोखंडी मांडण्यांच्या चौदा रांगा, त्यांवर करड्या पुठ्ठ्याच्या पेट्या. वाचक वर चिठ्ठी भरणार, काका पेटी शोधून हातगाडीवरून वर नेणार, संध्याकाळी परत आणून जागच्या जागी ठेवणार. सत्तावीस वर्षं हेच. निवृत्तीला चार महिने उरले होते.

ही नोकरी त्यांनी एका वर्षापुरती धरली होती, बरं का. तेव्हा ते स्वतःच पीएच.डी. करणार होते. विषय ठरला होता, मार्गदर्शक मिळाले होते, शिष्यवृत्ती तेवढी हुकली होती. "पुढच्या वर्षी बघू," मार्गदर्शक म्हणाले. पुढच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, त्याच्या पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीचं शिक्षण निघालं, मग लग्न, मग सवय. मार्गदर्शकही वारले. विषय मात्र काही मेला नाही, कारण तो तळघरात सातव्या रांगेत पेट्यांमध्ये भरून ठेवलेला होता.

विषय असा. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत देशोदेशी फॅसिस्ट चळवळी उगवल्या. कुठे काळे शर्ट, कुठे निळे, कुठे हिरवे. जो तो म्हणणार की आमचा देश जगावेगळा, परक्यांचं आम्हाला काही नको. आणि ही परक्यांचं काही नको म्हणणारी मंडळी आपापसांत पत्रं लिहीत होती. तुमच्या शर्टाच्या कापडाचा तुकडा पाठवा. सलामीला हात कितपत उंच न्यायचा ते कळवा. तुमचं संचलनाचं गाणं चांगलं आहे, चाल मिळेल का? एक भाषण तर काकांना चार देशांच्या कागदांत सापडलं. शब्द तेच, आवेश तोच, देशाचं नाव खोडून वर दुसरं घातलेलं. एका प्रतीत खोडायचंच राहून गेलं होतं. ते पाहिलं तेव्हा काका तळघरात एकटेच पोट धरून हसले होते, आणि वर जाऊन कुणाला सांगावं तर सांगायला कुणी नव्हतं.

पत्र एका पेटीत, त्याचं उत्तर तिसऱ्याच. ही सगळी जुळवाजुळव काकांनी एकोणीस वर्षं केली. जेवणाच्या सुटीत डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि शब्दकोश उघडायचा. तीन भाषा ते असे अर्ध्यामुर्ध्या शिकले. पण लिहून कशावर ठेवायचं? वाचकांना वही न्यायला परवानगी, कर्मचाऱ्यांना नाही. दारावरचा पहारेकरी त्यांचा डबासुद्धा उघडून बघायचा. तेव्हा काकांनी एक गुन्हा केला. प्रत्येक पत्राच्या डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, पेन्सिलीने त्याच्या उत्तराचा पेटी नंबर आणि पत्र नंबर लिहून ठेवला. या साखळीचं मूळ सतरा नंबरच्या पेटीत होतं. एकट्या त्या पेटीत दोनशे चौदा पत्रं, दोनशे चौदा कोपरे. वाचकांना वाटायचं, कुणा जुन्या कारकुनाचे आकडे असतील.

आणि मग ही बया आली. काकांच्या मनात तिचं नाव फेलोशिपवाली. तीन वर्षांची फेलोशिप, वर प्रवासखर्च वेगळा. विषय? तोच. अगदी तोच. चिठ्ठीवर 'संशोधनाचा विषय' या रकान्यात तिने जे लिहिलं होतं, ते काकांनी दोनदा वाचलं, आणि त्या दिवशी डबा तसाच घरी आला.

"अहो, बरं नाही का?" बायकोने विचारलं.

"बरं आहे. एक मुलगी आली आहे."

"तुमच्या वयाला?" बायको म्हणाली आणि हसायला लागली. मग त्यांचा चेहरा बघून समोर येऊन बसली, आणि त्यांनी सगळं सांगितल्यावर म्हणाली, "मग जा की तिच्याकडे. सांगा, मी पण हेच करतोय म्हणून."

"मी करत नाही. मी पेट्या उचलतो."

मुलगी वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण ती पेटी हातात देताना उठून उभी राहायची, "काका, थँक यू हं" म्हणायची, कागद दोन्ही हातांनी उलटायची. त्यामुळे काकांचा आणखी जळफळाट व्हायचा. सतरा नंबरची पेटी तिने तीन आठवडे बघितली, वहीत पानंच्या पानं उतरवून घेतली, मग दुसऱ्या पेट्यांकडे वळली. एक दिवस पेटी परत करताना सहज म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात मी परदेशी चाललेय. सतरा नंबरच्या पत्रांवर पत्ता आहे ना त्या चळवळीच्या मुख्य कचेरीचा, ती इमारत अजून उभी आहे म्हणे."

तो पत्ता काकांना पाठ होता. रस्ता, घर नंबर, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. सत्तावीस वर्षांत ते या शहराबाहेर दोनदा गेले होते, दोन्ही वेळा नातेवाइकांच्या लग्नाला. त्यांनी मान हलवली आणि हातगाडी इतक्या जोरात ओढली की चाक दाराच्या चौकटीवर आपटलं.

तिकडून आली ती उजळून आली. दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी: पेटी सतरा, पुन्हा. "माझं तिसरं प्रकरण याच पेटीवर उभं आहे, काका," ती म्हणाली. "महिनाअखेर समितीला दाखवायचंय. नाही पटलं तर फेलोशिप तिथेच थांबवतात."

आता हिला सापडणार, काकांना वाटलं. ते भाषण सापडणार, खोडायचं राहिलेलं नाव सापडणार, आपण एकोणीस वर्षं जे उकरलं ते ही बाई आयतं उचलणार आणि नावापुढे डॉक्टर लावणार. ते खाली गेले. पेटी मांडणीवरून काढली. आणि वर नेण्याऐवजी बांधणी विभागाच्या फळीवर ठेवून दिली, दुरुस्तीसाठी म्हणून. कागद दुरुस्तीला गेला की महिनाभर कुणी विचारत नाही.

दुरुस्तीची चिठ्ठी तेवढी भरायची होती. तिच्यावर चार चौकोन असतात: धूळ झाडणे, गंजलेल्या पिना काढणे, फाटलेल्या कडा जोडणे, वाचकांच्या खुणा पुसणे. अशा हजारो चिठ्ठ्या भरलेला हात तो. चारही चौकोनांवर बरोबरची खूण करून त्याने सही ठोकली, आणि काका डोक्यात दुसरंच काही घेऊन जिना चढले.

"पेटी दुरुस्तीला गेलीय, मॅडम," त्यांनी सांगितलं. तिचा चेहरा पडला. काकांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलं आठवडाभर बरं वाटलं. ती रोज विचारायची, ते रोज "अजून नाही" म्हणायचे, आणि घरी जाऊन दोन घास जास्त जेवायचे.

नवव्या दिवशी पेटी परत आली. काकांनी नेहमीप्रमाणे झाकण उघडून पत्रं मोजायला घेतली. पिना गेल्या होत्या. कडा जोडल्या होत्या. पहिल्या पत्राचा डावा कोपरा कोरा होता. दुसऱ्याचा कोरा. त्यांनी चष्मा पुसला, पत्र दिव्याखाली धरलं. मग सगळी पत्रं झराझरा बघितली आणि तिथेच स्टुलावर बसले.

बाइंडर, त्यांच्याच बरोबरीने नोकरीला लागलेला, समोर उभा होता. कौतुकाची वाट बघत असावा. "चार दिवस नुसतं पुसत होतो," तो म्हणाला. "कुणा शहाण्याने प्रत्येक कागदावर आकडे घालून ठेवले होते. मऊ रबर घेतलं, एका कागदाला ओरखडा नाही येऊ दिला."

"पुसायला कुणी सांगितलं?"

बाइंडरने खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. "तुम्हीच की."

स्वतःच्या सहीशी कोण भांडणार? काकांनी चिठ्ठी घेतली, घडी केली, आणि "काम छान झालंय" असं म्हणाले, कारण काम खरंच छान झालं होतं.

पेटी आता अडवून ठेवण्यात काही राम नव्हता. हातगाडीवर ठेवून त्यांनी ती चार नंबरच्या टेबलावर नेली. मुलगी उठून उभी राहिली, झाकण उघडलं, पहिलं पत्र उचललं. मग दुसरं. मग घाईघाईने दहावं-बारावं. आणि वळून काकांकडे बघितलं.

"काका, इथे आकडे होते."

"पुसले. दुरुस्तीत पुसतात."

"ते पुसायचे नव्हते हो." ती म्हणाली. "कुणीतरी हे सगळं आधीच शोधून ठेवलं होतं. मला वाटलं, कुणी मोठा प्रोफेसर असेल, पुस्तक छापणार असेल. सगळे कॅटलॉग धुंडाळले, परदेशात विचारून आले, कुणालाच माहीत नाही. खरं सांगू? नुसती जळतेय मी त्या माणसावर. मी एक पत्र लावायला बसले की त्याचा आकडा आधीच कोपऱ्यात हजर. माझ्या आधी प्रत्येक ठिकाणी पोचलेला." तिने वही उघडली. "आकडे मी उतरवून घेतलेत, सगळेच्या सगळे. पण बावीस नंबरच्या पत्रापासून काहीतरी गडबड आहे. उत्तरं जुळत नाहीत. कोपऱ्यात आकडे असते तर पडताळता आलं असतं. आता कशाशी पडताळू?"

वही काकांच्या समोर होती. त्यांचे आकडे, परक्या अक्षरात, रांगेने. बाविसावं पत्र दोनदा उतरवलं गेलं होतं, त्यामुळे खालचं सगळं एका ओळीने घसरलं होतं. गप्प बसून राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. निवृत्ती, निरोप, सगळं सुरळीत. कागदांवर लिहिणारा कर्मचारी म्हणून बोभाटा नाही, की पेटी दडवल्याची चौकशी नाही. आणि तिचं तिसरं प्रकरण तिथेच कोसळलं असतं. हे सगळं काकांच्या डोक्यात आलं, पण चुकलेला आकडा समोर असताना गप्प बसणं त्यांना सत्तावीस वर्षांत जमलं नव्हतं.

त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, एक ओळ खोडली, आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात बरोबर आकडा लिहिला.

मुलीने त्या आकड्याकडे बघितलं. मग त्यांच्या हाताकडे.

"पेटी दुरुस्तीला कुणी पाठवली, काका?"

"मी."

"का?"

"हेवा वाटला तुमचा," काका म्हणाले. "अजून वाटतोय."

तिने डोळे पुसले. मग शेजारची वाचकाची खुर्ची ओढून त्यांच्यासाठी सरकवली. त्या खोलीतल्या खुर्च्या काकांनी आयुष्यभर पुसल्या होत्या, बसले एकीवरही नव्हते. ते बसले, वही स्वतःकडे ओढली, चष्मा नीट केला.

"तेविसावं बघा," ते म्हणाले. "तिथून लिहून घ्या."